सोलापूर – तुळजापूर – नळदुर्ग – अक्कलकोट : कच्च्या रस्त्याने फेरा (ग्रॅव्हल सायकल, सल्ला हवा)

सीनाकाठ

दिवाळीनंतर दोन दिवसांचा फेरा आखतोय. सोलापूर – हिप्परगा – तामलवाडी – तुळजापूर, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग – अक्कलकोट – वळसंग – सोलापूर. डांबरीने दीडशेच्या वर होतात. हायवे जमेल तितका टाळून पाणंद, कॅनॉलकडेचा रस्ता, मुरमाच्या वाटा धरायच्या आहेत.

सायकल : ॲल्युमिनियम फ्रेम, ७००×४० टायर (सध्या आत ट्यूब), पुढे ४० दात्यांचं एकच चेनरिंग, मागे ११ ते ४२ दात्यांच्या चकत्या, केबलवाले डिस्क ब्रेक. माझं वजन ७५, सायकल-सामान धरून एकूण ९० किलो.

प्रश्न चार. हवा किती? ट्यूबलेस करून घेऊ का? घाटाला हे गिअर पुरतील का? आणि कुठला तुकडा कच्च्याने जाऊच नये?

---

मुरूमवाला

चौथा प्रश्न पहिला घ्या, बाकीचे तीन त्यावर ठरतात. आपल्याकडे रस्त्यापेक्षा माती आधी बघायची.

माळावर आणि बालाघाटाच्या उतारांवर मातीचा थर पातळ आहे, खाली मुरूम आणि काळा दगड. पाऊस पडला तरी पाणी निचरून जातं, दुसऱ्या दिवशी सायकल चालते. नदीकाठी मात्र खोल काळी : सीना, भीमा, बोरी, कुठंही जा. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या गुणामुळे नावाजली, म्हणजे माती महिनोन्महिने ओल धरून ठेवते, तोच गुण सायकलच्या मुळावर येतो. टायरला पहिला थर चढतो, त्याला दुसरा चिकटतो, त्यात ज्वारीचं धसकट आणि खडे मिसळतात, आणि शंभर मीटरच्या आत काट्यात (चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) चाक अडकतं. तशात पेडल रेटलं की चिखलाने जड झालेला मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकात ओढला जातो आणि तो ज्यावर लटकतो तो हँगर मोडतो. हँगर मुद्दाम नरम केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. त्यामुळे स्वतःच्या फ्रेमचा एक जादा हँगर पिशवीत हवाच. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, सोलापुरात काय पुण्यातही ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नाही.

नियम सोपा : चांगला पाऊस झाला असेल तर काळ्या मातीत पुढचे दोन दिवस जायचं नाही, ऊन नसेल तर तीन. अडकलातच तर ढकलू नका, ढकलल्याने थर वाढतो. सायकल उचला, बांधावरच्या गवतावर आणा, बाभळीच्या काडीने काट्यातली आणि चेनस्टेमधली (मागचं चाक धरणाऱ्या आडव्या नळ्यांमधली) माती काढा. पाण्याची बाटली त्यावर रिकामी करू नका, माती अजून चिकट होते आणि प्यायला काही उरत नाही.

वाळल्यावर दुसरी भानगड. काळीला भेगा पडतात, काही भेगांत ४० मिमी टायर आरामात उतरतं. भेग चाकाच्या दिशेनेच धावत असेल तर तिच्यावरून सरळ जायचं नाही, तिरपं ओलांडायचं. बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाळलेल्या चाकोरीचंही तेच. एकदा चाकोरीत शिरलात की तिच्यातूनच पुढे जा, मध्येच बाहेर यायला हँडल वळवलं तर पुढचं चाक कडेला घासून आडवं होतं. चाकोरी सोडू नये म्हणतात ते सायकलवाल्यांनी शब्दशः घ्यावं.

आता तुमचा मार्ग. हिप्परग्यापासून वर तुळजापूरकडे जमीन चढत जाते आणि हलकी होते, तिकडे बिनधास्त कच्चं धरा. नळदुर्गच्या खाली बोरी नदी कुरनूर धरणाकडे येते, त्या पट्ट्यात नदीच्या अगदी कडेची वाट टाळा आणि एक-दोन किमी वरचा माळ धरा. अक्कलकोट-वळसंग भागात मिसळ आहे. उपग्रहाच्या फोटोत बघून घ्या : वाट तांबूस किंवा पांढरट दिसली तर मुरूम, करडी-काळी दिसली तर माती. फक्त फोटो बहुतेकदा उन्हाळ्यातला असतो, त्यात सगळं कोरडंच दिसतं.

---

गावनकाशा

मुरूमवाला यांनी मातीचं सांगितलं, मी हक्काचं सांगतो. मोबाइलच्या नकाशात जी बारीक रेघ दिसते ती कुणाच्या शेतातली खासगी वाटही असू शकते. भूमी अभिलेखच्या गाव नकाशात पाहा. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरलेली आहे. कागदावर बरं का. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी पुढे सरकून त्याचं काय केलंय ते जाऊन बघायचं. पाणंद मध्येच नांगरलेली आढळली तर पिकातून सायकल घालू नका, बांधाबांधाने उचलून न्या. रब्बी ज्वारी उभी असताना तर नाहीच नाही.

शिवेवरचा रस्ता, म्हणजे दोन गावांच्या हद्दीवरचा, सहसा उंचवट्याने जातो आणि सलग असतो. आखणीत आधी शिवरस्ते जोडा, मग पाणंदी.

---

वॉल्व्हकोर

हवा आणि ट्यूबलेस.

९० किलो एकूण, ७००×४०, मुरूम-खडी मिश्र रस्ता :

ट्यूब असेल तर पुढे ४०, मागे ४५ पीएसआय. याखाली गेलात की दगडावर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात.
ट्यूबलेस असेल तर पुढे ३०-३२, मागे ३४-३६. चेपायला ट्यूबच नाही म्हणून एवढं खाली जाता येतं. मुरमाच्या सुट्या खड्यावर या दहा पीएसआयचा फरक हाताला लगेच कळतो, चाक उडत नाही, धरून राहतं.

हे आकडे सुरुवातीचे समजा. मागच्या रिमला दगड लागल्याचा टण् आवाज आला तर २ वाढवा. वळणावर टायर कडेला लोळल्यासारखं वाटलं तरी वाढवा. आणि पहाटे भरलेली हवा दुपारी तीच राहत नाही : १५ अंशाला ३५ पीएसआय भरलं तर ३५ अंशाला ते ३८च्या वर जातं. दुपारी सायकल एकदम टणक लागते त्याचं निम्मं कारण हे, निम्मं तुम्ही दमलेले असता.

ट्यूबलेस करायचं तर आधी रिम ट्यूबलेसचं आहे का बघा. साध्या रिमवर टेप गुंडाळून करू नका. टायरची कड धरून ठेवणारी खाच नसेल तर कमी हवेला वळणावर टायर रिमवरून सुटतं. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-४ मिमी जास्त, ताणून, दोन वेढे. वॉल्व्हचं भोक धारदार सुरीने कापू नका, तापवलेल्या दाभणाने पाडा, कड फाटत जात नाही. सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) ४० मिमी टायरला ६०-८० मिली, पहिल्या वेळी २० मिली जास्त. वॉल्व्हचा कोर (आतला सुटा भाग) काढून सिरिंजने घाला. वॉल्व्ह तळाशी ठेवू नका, नाहीतर सीलंट त्याच्यातच वाळून तो चोंदतो. चार किंवा आठ वाजताच्या जागी ठेवा.

सीलंट दोन-तीन महिने टिकतं असं डब्यावर असतं, ते थंड गावचं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर सहा आठवड्यांनी तपासा. चाक कानाशी धरून हलवा, चुळचुळ ऐकू आली तर आहे. नाही आली तर आत रबराची गोळी झालीय.

---

सराटा

वॉल्व्हकोर यांच्याशी निम्मा सहमत. दिवाळीनंतरच्या फेऱ्याला ट्यूबलेस हवंच, पण कारण दगड नाही, काटे.

आपल्याकडे दोन काटे. वेडी बाभूळ : लांब, टणक, कॅनॉलच्या कडेला रचून ठेवल्यागत पडलेली असते. कुंपणाला लावलेल्या फांद्या वाऱ्याने वाटेवर येतात. आणि सराटा : पावसाळ्यात मुरमावर पिवळ्या फुलांचा वेल पसरतो, दिवाळीच्या सुमाराला वाळतो. त्याचं फळ पाच फाकांत फुटतं आणि प्रत्येक फाकेला दोन मोठे, दोन छोटे काटे. फाक कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. एका वेलावरून चाक गेलं की दहा-बारा भोकं एका दमात. ट्यूबला एवढी ठिगळं कोण लावणार? सीलंटला ती काहीच नाहीत.

सराटे लागलेले दिसले तर ट्यूबलेसवाल्यांनी उपटायला घाई करू नये. हवा धरून असेल तर काटा हेच बूच आहे. घरी गेल्यावर एकेक उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. ३ मिमीपेक्षा मोठं भोक असेल तर सीलंटची वाट बघू नका, लगेच दोरीचा प्लग घाला. प्लग निम्मा आत, दोन टोकं बाहेर, सुई झटक्यात ओढा. बाहेरची टोकं ३-४ मिमी ठेवून कापा.

---

ठिगळ

ट्यूबवर फिरणाऱ्यांसाठी, कारण सगळ्यांची रिम ट्यूबलेसची नसते.

दोन ट्यूब जवळ ठेवा, पॅचचा डबा तिसऱ्या पंक्चरपासून. पंक्चरनंतर काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. टायरच्या आतून जुना मोजा किंवा कापसाचा बोळा सगळीकडे फिरवा, काटा धागा पकडतो. बोटाने शोधाल तर तो बोट पकडतो.

पॅच : पॉलिश-पेपरने घासून ट्यूबची चकाकी घालवा, शिवणीची रेघ सपाट करा. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या गोलात, पातळ. मग थांबा. पाच मिनिटं, कडक उन्हात दोन-तीन पुरतात. बोटाच्या पाठीला ओलं लागायचं बंद झालं की पॅच. दहापैकी आठ पॅच निघतात ते ओल्या सोल्युशनवर लावल्यामुळे. आतला द्रव उडून जाऊ शकत नाही, फुगा धरतो. बिनसोल्युशनचे स्टिकर पॅच आपल्या उन्हात कडेने सुटतात, ते फक्त गावापर्यंत पोहोचण्यापुरते.

टायरची बाजू चिरली तर आतून दुधाच्या पिशवीची तीन-चार पदरी घडी लावा. नोटही चालते, पण पिशवी घाम शोषत नाही.

---

हिप्परगा_डॉट

दिवाळीनंतर जाताय ते बरं. कोजागरीच्या आधीच्या दोन दिवसांत सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला असतो, वाहतूक वळवतात. त्या वेळी सायकल घेऊन मध्ये घुसू नये.

---

सीनाकाठ

धन्यवाद सगळ्यांना. रिम ट्यूबलेसचं आहे, करून घेतो. घाटाचं आणि ब्रेकचं कुणी सांगेल का? आणि मित्राकडे साधी हायब्रिड आहे, पुढे ४८/३८/२८, मागे १४-२८, टायर ७००×३५. तो येऊ शकेल का?

---

दाते_मोजा

तुमच्या गिअरचा हिशोब. सगळ्यात हलका ४०/४२ (पुढे ४०, मागे ४२). चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेरीत २.१ मीटर. मिनिटाला ६० पेडल मारले तर ताशी साडेसात किमी. तुळजापूरच्या घाटाला सामानासकट हे पुरतं.

मित्राच्या हायब्रिडचा २८/२८, एका फेरीत सुमारे २.१७ मीटर, ताशी पावणेआठ. म्हणजे तुमच्यात आणि त्याच्यात जवळजवळ काही फरक नाही. त्याला सांगा की घाट सुरू होण्याआधीच पुढची छोटी चकती धर. चढावर जोर असताना पुढचा डिरेल्युअर टाकला तर चेन आत पडते आणि फ्रेमवर ओरखडा.

त्याच्या सायकलला दोन गोष्टी बघा. टायर आणि काट्यात दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा आहे का. त्याहून कमी असेल तर ओल्या मातीत तो तुमच्या आधी अडकेल. आणि पुढे शॉक-ॲब्सॉर्बर असेल तर घाटात त्याला लॉक करा, नाहीतर उभं राहून मारलेला निम्मा जोर स्प्रिंगात जातो.

बालाघाट म्हणजे सह्याद्रीचा घाट नव्हे. जमीन पायऱ्यापायऱ्यांची आहे : लांब सपाट, मग एकदम छोटी उभी पायरी, मग परत सपाट. सोलापूर साधारण ४५० मीटरवर, तुळजापूर त्याच्या दोनशे मीटर वर. उंची फार नाही. पण सपाटीवर वारा तोंडावर असतो आणि आडोसा नसतो. थंडीत वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून, म्हणजे जाताना समोर. पहिल्या दिवशी वेळ जास्त धरा.

---

पॅडवाला

केबलवाले डिस्क. बहुतेकांत बाहेरचा एकच पॅड हलतो. तो रोटरला आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की लोक केबल ताणत जातात, ही चूक. केबल ताणली की ब्रेकची दांडी आधीच अर्धी फिरलेली राहते, पुढे जोर लागत नाही, आणि उतारावर लिव्हर हँडलला टेकतो. खरं काम आतला पॅड स्क्रू फिरवून रोटरजवळ आणायचं. रोटर घासू लागेपर्यंत आत, मग किंचित मागे. त्यानंतर बाहेरचा. मग केबल. पॅडचं मटेरियल १ मिमीच्या खाली असेल तर निघायच्या आधीच बदला. धुळीत मेटलचे पॅड जास्त टिकतात पण कर्कश वाजतात.

मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक सरळ असतानाच, वळणात नाही. वळणाच्या आधी वेग मारून घ्या. कठीण जमिनीवर सुटा खडा असतो तो गोट्या पसरल्यासारखा, त्यावर पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

हायड्रॉलिकवाले कुणी वाचत असतील तर : शिमानोला मिनरल ऑइल. मोटारसायकलच्या दुकानातलं डॉट ऑइल घालू नका, रबराचे सील फुगतात.

---

पाणीमहाल

नळदुर्गला घाईत जाऊ नका. किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं काम. नदी भरली की पाणी बंधाऱ्यावरून नर आणि मादी अशा दोन सांडव्यांनी कोसळतं, खाली महालात माणूस कोरडा. दिवाळीनंतर पाणी बहुधा नसतं. ते बघायचं तर भर पावसाळ्यात, आणि तेव्हा मात्र बोरामणी-इटकळवरून हायवेनेच जावं लागतं, त्याचं कारण वर आलंच आहे. उपळी बुरुजावर चढायचं तर क्लीटचे (पेडलला अडकणारी पट्टी असलेले) बूट काढा. उंच पायऱ्या आहेत, आणि घासलेल्या काळ्या दगडावर लोखंडी क्लीट म्हणजे बर्फ.

अक्कलकोटला वटवृक्ष देवस्थानात गर्दी असते, गुरुवारी फारच. सायकल गल्लीत उभी करायची तर पुढचं चाक काढून फ्रेमला बांधा.

एक पर्याय सुचवतो. दोन दिवस जमत नसतील तर एका दिवसात हत्तरसंग कुडल : मंद्रूपवरून आत, भीमा-सीनेच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे, ‘वाछितो विजेया होईवा’ ही ओळ त्यातलीच. पण संगम म्हणजे दोन्ही बाजूंनी खोल काळी. डिसेंबरनंतरच.

---

मुरूमवाला

कुडलला दुजोरा. तिकडे उसाचा पट्टाही आहे. कारखाने सुरू झाले की डबल ट्रेलर, मागे दिवा नाही, आणि रस्त्यावर उसाचं पाचट. पाचट डिरेल्युअरच्या चाकात गुंडाळतं. अंधार पडायच्या आधी डांबरी सोडलेली बरी.

नान्नजकडून जायचा विचार कुणाच्या मनात आला तर : माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय वाटेवरून बाजूला उतरायचं नाही. माळ रिकामा दिसतो, असतो तसा नाही.

---

कडकभाकरी

पाणी : नोव्हेंबरात तासाला अर्धा-पाऊण लिटर, मार्चनंतर एक लिटर आणि दुपारी बारा ते चार सायकल बंद. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, तहान वाढते. निम्मं घाला.

खाणं : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी चार दिवस काही होत नाही, चुरून दह्यात टाकली की जेवण. चटणीत शेंगदाण्याचं तेल आणि मीठ दोन्ही. एनर्जी बार उन्हात वितळतो, ही वितळत नाही.

धनगरांचे कळप आडवे आले तर कुत्री येणारच. वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये ठेवा, चालत निघा, मेंढक्याला हाक मारा. चालत्या माणसात त्यांना फारसा रस नसतो.

---

वंगण

चेनला घट्ट तेल नको. मुरमाची धूळ तेलात बसली की पॉलिश-पेपर तयार होतो. मेणाचं किंवा ड्राय लुब्रिकंट, आदल्या रात्री प्रत्येक कडीवर एक थेंब, सकाळी फडक्याने बाहेरून कोरडी पुसायची. तुळजापूरला पोहोचल्यावर फक्त पुसा, परत तेल तेव्हाच जेव्हा चेन कुरकुरते. चेन-गेजचं (चेनची झीज मोजायची पट्टी) ०.७५चं टोक आत जात असेल (११-१२ स्पीडला ०.५) तर फेऱ्याआधी बदला. क्विक-लिंक (चेन जोडायची सुटी कडी) स्पीडनुसार वेगळी असते, ९ची ११ला बसत नाही.

परत आल्यावर सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप नको. हब आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या बेअरिंगच्या) सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं. काळी माती पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर ढेकळं हाताने निघतात.

---

सीनाकाठ

पक्कं केलं : ट्यूबलेस, ३१/३५, एक जादा ट्यूब, प्लग, हँगर. नळदुर्गच्या खाली माळावरून. शेवटचा प्रश्न. वॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, टोकाला स्क्रू असलेला) आहे. वाटेत पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल का?

---

वॉल्व्हकोर

थेट नाही, त्याचा नोझल मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हचा. पितळी अडॅप्टर घ्या, शेंगदाण्याएवढा असतो, आणि हरवतो. म्हणून दोन. एक वॉल्व्हवरच चढवून ठेवा. लावायच्या आधी वॉल्व्हचं टोक उलटं फिरवून मोकळं करायचं, नाहीतर हवा जाणारच नाही आणि पंक्चरवाला तुमच्या सायकलला नावं ठेवेल.

त्याचा कॉम्प्रेसर शंभराच्या वर चालतो. नोझल स्वतः धरा, एकेक सेकंदाचे झटके, मध्ये अंगठ्याने दाबून बघा. ४० मिमी टायर या कॉम्प्रेसरवर दोन-तीन सेकंदांत रिमवरून उडू शकतं.